ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं, डिस्क बदलली तरी दोन महिन्यांत परत तेच: जुन्या ऑक्टेव्हियाचं दुखणं शेवटी कुठे सापडलं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. ८० च्या वर ब्रेक दाबला की स्टीअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं आणि ४० च्या खाली आलं की सगळं शांत. गावात फिरताना काही नाही, नाशिकच्या कॉलेज रोडवर तर गाडी म्हणजे अगदी गरीब गाय. आणि मुख्य म्हणजे काम करून आणलं की दोन-तीन महिने झकास चालते आणि मग हळूहळू परत सुरू. हे 'परत सुरू' ज्यांच्या नशिबी आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

गाडी ऑक्टेव्हिया आरएस, २००५ ची, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएस. सेकंडहँड घेतलेली आणि घरची एकच गाडी, म्हणजे पोराची शाळा, भाजी, आईला वणीच्या गडावर नेणं आणि महिन्यातून दोनदा मुंबई, सगळं हिच्यावरच. पळायला अजूनही अशी आहे की घोटीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला तर बायको शेजारून नुसतं "अहो" म्हणते आणि पाय आपोआप वर येतो. थांबायच्या बाबतीत मात्र चार वर्षं नुसता खेळ चालला होता.

पहिल्यांदा थरथर आली तेव्हा गॅरेजवाला म्हणाला डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, वाकली. लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून आणल्या, तीन महिने छान गेले आणि परत सुरू. मग नवीन डिस्क, नवीन पॅड घातले, चार हजार किलोमीटर गेले आणि परत तेच. तेव्हा माझ्याच डोक्यात किडा वळवळला की एवढी ताकदीची गाडी, घाटात पूर्ण लोडवर चालवतो, मूळ ब्रेकच कमी पडतायत, मोठे टाकू. टाकले. पाच हजारांवर परत थरथर, आणि खरं सांगतो, आधीपेक्षा जास्त.

मोठ्या ब्रेकचा विचार अगदीच वेडेपणाचा नव्हता, त्यामुळे त्याबद्दल आधी लिहितो. साधा हिशोब बघा. चार माणसं आणि सामान धरून गाडी १७०० किलो. इगतपुरी ते कसारा उतार साधारण ३०० मीटरचा. गाडी न्यूट्रलला टाकून सगळं काम ब्रेकवर सोडलं तर ५० लाख ज्यूल उष्णता डिस्कला पचवायला लागते, आणि १०० च्या स्पीडवरून एकदा पूर्ण थांबायला लागते साडेसहा लाख. म्हणजे एक कसारा घाट म्हणजे १०० वरून साडेसात वेळा करकचून थांबणं, तेही मध्ये डिस्कला थंड व्हायला फारसा वेळ न देता. रेल्वेसुद्धा हा घाट चढताना मागून ढकलायला बँकर इंजिन लावते, आपण मात्र गप्पा मारत चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. तिसरा गिअर टाकून उतरलात तर यातला बराच भार इंजिन उचलतं, त्याचे पैसे पडत नाहीत.

तर या फॅमिलीतल्या गाड्यांना, म्हणजे पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया, चौथ्या पिढीची गोल्फ, पहिल्या पिढीची ऑडी टीटी, ज्या एकाच प्लॅटफॉर्मवरच्या आहेत, त्यांना पुढे वेगवेगळ्या मापाच्या डिस्क आल्या. २८०, २८८ आणि ताकदीच्या मॉडेलना ३१२ मिमी. माझ्या गाडीला २८८ ची होती. २८८ वरून ३१२ ला जायला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तोच चालतो, पॅडही तेच, फक्त डिस्क आणि कॅलिपर धरणारं ब्रॅकेट बदलायचं. पॅड डिस्कच्या मध्यापासून १२ मिमी बाहेर सरकतो म्हणजे पकड थोडी वाढते आणि लोखंड जास्त असल्यामुळे उष्णता पचवायची ताकदही वाढते. २८० असेल तर मात्र कॅलिपरसकट बदलावं लागतं कारण ती डिस्क २२ मिमी जाड आणि ही २५, कॅलिपरही वेगळा. म्हणून काही मागवायच्या आधी चाक काढून पट्टीने माप घ्या, कॅटलॉगवर आणि विकणाऱ्याच्या छातीठोक बोलण्यावर विसंबू नका. ब्रॅकेट मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी आणली, साफ करून रंग मारला. डिस्क नवीनच घ्यायच्या, जुन्या डिस्कवर पैसे वाचवू नका.

बसवताना दोन गोष्टी आडव्या येतात. डिस्कच्या मागचा पत्रा ३१२ ला घासतो, तो थोडा वाकवायला किंवा कापायला लागतो. आणि १५ इंची चाकात ३१२ मावत नाही, १६ लागतंच. माझी चारही चाकं १६ ची आहेत म्हणून मी निवांत होतो आणि मग रात्री झोपताना आठवलं की डिकीतली स्टेपनी १५ इंची लोखंडी आहे. म्हणजे पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे. भर पावसात मोहदरी घाटात दोनदा जॅक लावायचा प्रसंग येईल तेव्हा मला आठवाल.

बरं, मोठी डिस्क टाकली म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते हा गैरसमजही काढून टाका. एका जोराच्या ब्रेकमध्ये एबीएस आधीपासूनच किरकिरत असेल तर तुमची ताकद टायरपाशी संपलेली आहे, डिस्कपाशी नाही. मोठ्या डिस्कचा फायदा पाचव्या-सहाव्या ब्रेकला कळतो, घाटाच्या तळाशी. माझे टायर तेव्हा सात वर्षं जुने होते, टायरवर चार आकडे असतात त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, ते एकदा बघून घ्या. खरं तर पहिला खर्च तिथे व्हायला पाहिजे होता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पाच हजारांवर परत थरथर आली तेव्हा सातपूर एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "डायल लावून बघितलं का कोणी?" चार वर्षांत चार गॅरेज फिरलो, डिस्क वाकली म्हणणारे सगळे भेटले पण वाकली का नाही ते मोजणारा एकही नाही. रविवारी त्याने मॅग्नेटिक स्टँड आणि डायल गेज (केसाएवढं हलणंही सुईवर दाखवणारं माप) आणला, वर मला सांगून ठेवलं की मिसळ तुझ्याकडून.

पद्धत अशी. गाडी जॅकवर घ्या, खाली घोडे (स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर काम करू नका. चाक काढा. कॅलिपर सोडवून तारेने वर बांधा, ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका. आता डिस्क हबला, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या गोल भागाला, घट्ट बसली पाहिजे, म्हणून चाकाचेच बोल्ट वॉशर घालून आवळा, कारण बोल्टचं बूड गोल असतं, ते नुसतं डिस्कवर नीट बसत नाही. डायलची सुई डिस्कच्या काठापासून आत साधारण १० मिमीवर टेकवा आणि डिस्क हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. सुई किती हलते तो तुमचा रनआउट. ०.०५ मिमीच्या आत असेल तर खुशाल झोपा. माझ्या डाव्या चाकाला ०.१४ निघाला. पाच हजार किलोमीटर चाललेल्या डिस्कला.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली. जिथे सुई सगळ्यात वर गेली तिथे डिस्कवर खडूने खूण केली आणि हबवरही समोरासमोर खूण केली. मग डिस्क काढून एक भोक पुढे, म्हणजे पाचातला एक भाग फिरवून लावली आणि परत मोजलं. उंचवटा डिस्कवरच्या खुणेबरोबर फिरला तर डिस्क वाकडी, हबच्या खुणेशीच राहिला तर दोष हबचा. आमचा हबपाशीच राहिला. चार वर्षं मी डिस्कला शिव्या देत होतो.

मग डिस्क काढून हबच्या तोंडावर टॉर्च मारला. वरून बघताना नुसता तांबूस गंज, सगळ्या जुन्या गाड्यांना असतो तसा. पण मित्राने स्क्रू-ड्रायव्हरची कडा फिरवली तर एका जागी अडकली. नखाएवढा गंजाचा पापुद्रा, दाबून दाबून पत्र्यासारखा चपटा झालेला. केसाएवढी जाडी असेल. पण हबचं तोंड लहान आणि डिस्क मोठी, त्यामुळे तिथे केसाएवढा अडथळा आला की डिस्कच्या काठावर तो दुपटीहून जास्त होतो. आणि इथेच माझ्या अपग्रेडची गंमत आहे, डिस्क २८८ ची ३१२ केली म्हणजे तोच तिरकेपणा काठावर आणखी ८ टक्क्यांनी वाढला. तरी म्हटलं मोठे ब्रेक टाकून थरथर जास्त कशी!

लेथवर फेस मारून का उपयोग झाला नाही तेही तेव्हा कळलं. लेथवाला डिस्क त्याच्या चकमध्ये धरून सरळ करतो, तुमच्या हबवर नाही. सरळ झालेली डिस्क परत त्याच तिरक्या हबवर. खुंटाच वाकडा असेल तर जात्याला कितीदा टाकी लावणार?

पण मग लगेच थरथर का येत नाही, तीन महिने का थांबते? कारण नुसता ०.१४ चा तिरकेपणा हाताला फारसा कळत नाही, कॅलिपर डिस्कबरोबर इकडेतिकडे सरकून सांभाळून घेतो. पण ब्रेक न दाबता गाडी चालत असते तेव्हा प्रत्येक फेरीला डिस्कचा तो उंच भाग पॅडला चाटून जातो. हजारो किलोमीटर चाटून चाटून तेवढी जागा झिजते आणि डिस्क एका ठिकाणी पातळ, एका ठिकाणी जाड होते. मायक्रोमीटर लावून आठ ठिकाणी जाडी मोजली तर जास्तीत जास्त आणि कमीत कमी यात ०.०२ चा फरक आला. थरथर येते ती या फरकाने, आणि एवढासा फरक पुरतो. डिस्क वाकलेली नसतेच, झिजलेली असते. जाडी मोजताच आहात तर डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते तीही बघा, २५ मिमीच्या या डिस्कला २३ असते, त्याखाली गेली की भंगारात.

आता तो पापुद्रा तिथे आला कसा? या गाडीला डिस्क हबवर धरून ठेवायला एक बारका स्क्रू असतो. माझ्या गाडीत तो नव्हता. पहिल्या वेळी डिस्क काढताना त्याचं डोकं झिजलं असणार, ड्रिल मारून काढला असणार आणि नवीन कोणी टाकला नाही, कारण चाकाचे बोल्ट आवळले की डिस्क तशीही घट्ट बसते. बरोबर आहे, बसते. पण स्क्रू नसला की चाक काढल्यावर डिस्क पुढे कलंडते, हब आणि डिस्कमध्ये फट पडते, वरचा गंज सुटून त्या फटीत पडतो आणि चाक लावलं की तिथेच चेपला जातो. प्रत्येक पंक्चरला, प्रत्येक व्हील अलाइनमेंटला हा खेळ. वीस रुपयांचा स्क्रू हो!

हब साफ करायला वायर ब्रश आणि पॉलिश पेपर. ग्राइंडर लावू नका, लोखंड खाल्लं तर नवीन खड्डा तयार. स्टडच्या गाड्यांना स्टडच्या बुडाशी गंज लपतो, आपल्याकडे बोल्ट आहेत म्हणून तोंड सगळं मोकळं मिळतं. मधल्या उभ्या कडेचा गंजही काढा, डिस्क तिथेही अडते. साफ केल्यावर परत डायल लावला, ०.०३. पाच मिनिटं आम्ही दोघं नुसते त्या सुईकडे बघत होतो. साफ करूनही ०.०५ च्या वर येत असेल तर मात्र हब किंवा बेअरिंग बघायला लागेल, चाक वर-खाली धरून हलवून प्ले (ढिलेपणा) आहे का ते बघा. खराब झालेली डिस्क मात्र साफ हबवर लावून सुधारत नाही, जाडीचा फरक तसाच राहतो. माझ्या डिस्कला जाडी भरपूर होती म्हणून एकदा शेवटचा फेस मारून घेतला.

उजवं चाक डायलला ठीक होतं पण तिथे दुसरंच निघालं. ब्रेक दाबून सोडल्यावर चाक हाताने फिरेना, अर्धं मिनिट गेलं की मोकळं. याची तपासणी सोपी आहे. चाक अडकलेलं असताना कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (ऑइल काढायचा बारका स्क्रू) थोडा सैल करा. ब्रेक ऑइल पिचकारीसारखं उडून चाक लगेच मोकळं झालं तर दोष रबरी होजचा, तो आतून सुजलेला असतो, जाताना दाबाने ऑइल जातं पण परत येत नाही. निपल सोडूनही चाक मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा गाइड पिन (कॅलिपर ज्यावर सरकतो त्या) जाम. माझा होज होता. बाहेरून अगदी नवा दिसत होता, काढून फुंकर मारली तर हवासुद्धा पलीकडे जाईना. पुढचे दोन्ही बदलले. ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं. सांडलंच तर लगेच पाणी मारा.

गाइड पिनचं एक राहिलं. पुढच्या कॅलिपरच्या पिन ७ मिमीच्या ॲलन कीने निघतात आणि त्या रबरी बुशमध्ये सरकतात. माझ्याकडे कोणीतरी प्रेमाने त्यात चेसिसचं ग्रीस भरलं होतं, त्याने रबर फुगलं आणि पिन रेटून बसल्या. मिनरल ग्रीस ब्रेकच्या रबरापाशी जाताच कामा नये. नवीन बुश घातले, पिन साफ करून कोरड्याच टाकल्या, २८ न्यूटन मीटरला आवळल्या. मागच्या कॅलिपरला पिस्टन नुसता क्लॅम्पने दाबायचा नसतो, दाबत दाबत फिरवायचा असतो कारण आत हँडब्रेकचं मेकॅनिझम आहे. दाबून आत घालणारा पोरगा दिसला तर त्याच्या हातातला क्लॅम्प काढून घ्या, चहा पाजा आणि फिरवायचं टूल आणायला पाठवा.

आणि ब्रेक ऑइल. घाट उतरून खाली आलं की पेडल मऊ लागतं, खाली खाली जातं, ही तक्रार थरथरीपेक्षा वेगळी आहे आणि जास्त धोक्याची. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी पिऊन जुनं झालं की ही मर्यादा १५५ वर येते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे इगतपुरीचा पाऊस बघता त्याला ओलाव्याची काही कमी नाही. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल जमिनीला. माझं ऑइल सहा वर्षांचं निघालं, चहासारखं. दर दोन वर्षांनी बदला, डॉट ४ किंवा ५.१. नुसतं डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते एबीएसच्या गाडीत नको.

उलट पेडल दगडासारखं कडक होत असेल तर डिस्कच्या मागे लागूच नका, व्हॅक्यूम बघा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि स्टार्ट मारा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरकडे (व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा) जाणारा पाइप आणि त्यातला एकेरी व्हॉल्व्ह बघा, टर्बो पेट्रोलवर हा व्हॉल्व्ह जुना झाला की गळतो. थरथर दोन्ही बाजूंनी मोजूनही सापडत नसेल तर सस्पेन्शनच्या लोअर आर्मचा मागचा रबरी बुश बघा, तो फाटला की बारीकशी थरथरसुद्धा स्टीअरिंगवर मोठी होऊन येते.

सगळं जोडल्यावर पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून पहाटे पेठ रोडला गेलो. ८० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवायची. वास येतो, घाबरू नका. पुढेही एक सवय लागली, घाट उतरून कसाऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो की पाय दाबून उभा राहत नाही, तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि थरथरीला नवं निमित्त मिळतं. हँडब्रेक लावतो, तो मागच्या चाकांना असतो.

चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला, चांदणीच्या क्रमाने. टायरवाल्याकडे आता टॉर्क रेंच घेऊनच जातो, गन लावू देत नाही. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. परवा त्यातलाच एक म्हणाला, "काका, तो रेंच जरा द्या ना, माझ्या पण गाडीला थरथर आहे." चाक काढलेलंच होतं म्हणून त्याला तो स्क्रू दाखवला, त्याच्या गाडीला होता का ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

माझी गाडी अकरा हजार किलोमीटर झाली, मागच्या महिन्यात परत डायल लावला, डावीकडे ०.०४, जाडीत मोजण्यासारखा फरक नाही. स्टेपनी अजून १५ इंचीच आहे, १६ ची शोधतोय.